तीन अक्षरांचा डाव

जयूचा आवाज गेला तेव्हापासून आमच्याकडे येणारं प्रत्येक माणूस तिच्याशी ओरडून बोलायला लागलं. अहो, पोरगी मुकी झाली होती, बहिरी नव्हे! पण सांगणार कुणाला? दादरच्या मावशींनी तर तिच्या कानाशी तोंड नेऊन अशी आरोळी ठोकली की मागच्या वाडीतलं कुत्रं उठून भुंकायला लागलं. जयूने फक्त डोळे मिटून घेतले.

ही चोपन्न सालची गोष्ट. जयंती माझी एकुलती एक, सहा वर्षांची. पावसाळ्यात टायफॉइडने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, गळालेले केस पुन्हा आले, पायांत जोर आला, आवाज मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, धीर धरा. धीर धरा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? मला फार काही नको होतं. तिने एकदा 'आई' म्हणून हाक मारावी, एवढंच. नवस बोलून झाले, अंगारे लावून झाले, गावठाणातल्या क्रूसापुढे मेणबत्तीसुद्धा लावून झाली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तर त्या दिवसांत देवही वेगवेगळे दिसत नव्हते.

आम्ही तेव्हा अंधेरीला, चकाल्याच्या गावठाणात राहत होतो. घर आयडा रोझारिओचं. पुढचा भाग तिचा, मागच्या दोन खोल्या आमच्या भाड्याच्या, आणि मधली पडवी दोघांची. आयडाबाय आणि तिची थोरली बहीण ल्युसी, दोघी बिनलग्नाच्या, मूळच्या तिथल्याच ख्रिस्ती. बोलणं कोळ्यांच्या वळणाचं, घोड्याला 'घोरा' आणि होडीला 'होरी'. आयडा वाडीत भाजी लावायची, ल्युसी गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. सगळं गाव तिला ल्युसी टीचर म्हणे. बाई कडक. खोटं बोललेलं तिला चेहऱ्यावरून कळायचं, आणि मग ती डाव्या हाताचं मनगट चोळत समोरच्याकडे बघत राहायची, तो खरं बोलेपर्यंत.

दुपारची जेवणं झाली की दोघी बहिणी पडवीतल्या टेबलावर डाव मांडत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टीचरने पुठ्ठ्यातून कापलेली इंग्रजी अक्षरं होती. एकीने तीन अक्षरांचा शब्द मांडायचा आणि म्हणायचं, "सांग." दुसरीने अर्थ सांगायचा, मग त्यातली दोन अक्षरं ठेवून, एक नवं घालून, हवं तर जागा बदलून आपला शब्द मांडायचा आणि तिनेही म्हणायचं, "सांग." अर्थ येत नसेल तर 'नाय ठावं' म्हणायचं. तिथे डाव संपला, अक्षरं डब्यात. डाव अर्धा टाकायचा नाही, असा त्यांचा नियम. अपुरा राहिला तर अक्षरांवर क्रोशाचा रुमाल घालायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. दोघींनाही सगळे शब्द पाठ, त्यामुळे एकेक डाव आठवडेच्या आठवडे चाले. मी मनात म्हणायची, ह्यांना काही कामधंदे नाहीत.

जयू तापाने फणफणत होती त्याच आठवड्यात ल्युसी टीचर गेली, तीही त्या टेबलावरच. आयडाबायने शब्द मांडला, 'सांग' म्हणाली, आणि टीचरने हातांवर डोकं टेकलं ते टेकलंच. दफन झालं, मिस्सा झाला, माणसं येऊन गेली. टेबलावरची अक्षरं मात्र आयडाबायने हलवली नाहीत, त्यांच्यावर रुमाल घालून ठेवला. मी एकदा विचारलं, "आवरून देऊ का?" तर म्हणाली, "नको गो. डाव अर्दा हाय. तिची पाळी हाय." म्हाताऱ्या माणसाचं मन, म्हणून मी पुन्हा विषय काढला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी मी पडवीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. जयू आतून आली, सरळ टेबलाकडे गेली आणि तिने रुमाल उचलला. मी ओरडणार तेवढ्यात ती टीचरच्या खुर्चीवर चढून बसली. आयडाबाय समोरच सुपारी कातरत होती, तिचा हात थांबला.

टेबलावर आयडाचा शेवटचा शब्द होता. हेन.

"कोंबरी," जयू म्हणाली.

माझ्या हातातलं सूप पडलं. तांदूळ अंगणभर. मला त्याचं काय होतं? माझी पोर बोलली होती! खरखरीत, बसलेला, पण आवाज. जयूने शांतपणे डब्यात हात घातला, एक अक्षर बाजूला केलं, नवं ठेवलं आणि आयडाबायकडे बघून म्हणाली, "नेट. सांग."

आयडाबायने अडकित्ता खाली ठेवला. "जाळा," ती म्हणाली. मग तिने घाईघाईने आपला शब्द मांडला. मी जयूला उचलून घेतलं, पापे घेतले, म्हटलं, "आई म्हण गं, आई म्हण." तिने माझ्या खांद्यावरून टेबलाकडे मान वळवली आणि पुन्हा तोंड मिटलं. खुर्चीवर ठेवली तेव्हा परत बोलायला लागली. चिमुकल्या शब्दांमागून चिमुकले शब्द. मड म्हणजे चिखल. डिम म्हणजे मंद. ओअर म्हणजे वल्हं.

'कोंबडी' न म्हणता ती 'कोंबरी' का म्हणाली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तापाने जीभ जड झाली असेल, अशी मी समजूत घातली. आणि तिला इंग्रजी कुठून आलं, तर बसून बसून ऐकलं असेल. ज्याला हवं ते मिळतं तो पावती मागत नाही.

आमच्या ह्यांचं तर काही विचारू नका. हे, म्हणजे मार्तंडराव, फोर्टात एका विमा कंपनीत कारकून. शाळेत इंग्रजी आठवीपासून झाल्याचं ह्यांना स्वतःच्या पगारापेक्षा जास्त दुःख. "पुढच्या पिढीची वाट लागली," असं रोज संध्याकाळी बूट काढताना म्हणायचे. आता घरातच पहिलीतली पोर वल्ह्याला इंग्रजी शब्द सांगते म्हटल्यावर काय! "कुंदा, अगं मला ऑफिसात तीस वर्षं झालेल्यांनाही ओअर येत नाही!" रविवारी कुणी ना कुणी पाहुणा घेऊन यायचे, जयूला टेबलाशी बसवायचे, आयडाबायला समोर बसवायचे आणि स्वतः बाजूला उभे राहायचे, सर्कशीच्या मालकासारखे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मी चहा द्यायची आणि मलाही, खोटं का बोलू, छाती भरून यायची.

मी रोज पायरीवर बसून ऐकायची. मराठी चौथी शिकलेली मी, पण कानावर पडून पडून मलाही अक्षरं आणि शब्द उमजायला लागले. जयू मला कधी शिकवायची सुद्धा. "बघ कुंदाबाय, एकच अक्षर बदलला का शब्दाचा घर बदलतो."

कुंदाबाय. पोर आईला कुंदाबाय म्हणते! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "ऐकून ऐकून बोलते गं. आयडाबाय तेच म्हणते ना तुला." पटण्यासारखं होतं. पण आयडाबाय मला 'गो' म्हणते, फार तर 'पोरी'. कुंदाबाय म्हणणारी एकच होती.

मग एकेक दिसायला लागलं. डावाच्या टेबलापुरतं असलेलं बोलणं हळूहळू घरात आलं, पण जयूचं म्हणून त्यात काही नव्हतं. जेवताना वरणभाताकडे बघून ती म्हणाली, "सुका बोंबील नाय का?" आमच्या घरात! ह्यांच्या हातातला घास ताटात पडला, मग हे हसले. मी नाही हसले. वेणी घालायला बसवली तर फणी माझ्या हातातून काढून घेऊन तिने टीचरसारखा भांग उजवीकडे पाडला. आणि त्या दिवशी मी खोटंच म्हटलं की दूध संपलं, तर ती डावं मनगट चोळत माझ्याकडे बघत राहिली. सहा वर्षांच्या पोरीचे डोळे ते नव्हते. मी मुकाट्याने दूध आणून दिलं.

जयूच्या पाचव्या वाढदिवसाला अंधेरी स्टेशनजवळच्या स्टुडिओत आम्ही दोघींनी फोटो काढला होता. तो भिंतीवर असायचा. एका दुपारी ती त्याच्यासमोर उभी राहून निरखून बघत होती. मी पोळ्या लाटत होते.

"ही पोर कुनाची गो? ग्वाड हाय," ती म्हणाली.

माझे हात पिठातच राहिले. पण त्या क्षणी मला एक नक्की कळलं, की आता रडून ओरडून उपयोग नाही, विचारायला हवं. मी उठून तिच्यासमोर जाऊन बसले, तिच्या उंचीला आले, आणि माझ्या पोटच्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं.

"माझी आहे, टीचर. जयंती. तुम्हाला ती कुठे दिसली का?"

"झोपलीय ना. मी आले तवा तापात होती, तवाची झोपलीय."

"ती बोलते का?"

"बोलते तर. आईला हाका मारते." ती अगदी सहज म्हणाली, शेजारच्या घरातलं सांगावं तसं. "पन मी बोलत असते ना. मंग तिचा कुनाला ऐकू जानार?"

त्यानंतर मी पोळ्या केल्या, त्या करपल्या, आणि ह्यांना तशाच वाढल्या. मला दुसरं काही सुचत नव्हतं. माझी पोर आत कुठेतरी मला हाका मारत होती, आणि मी बाहेर बसून टाळ्यांच्या बरोबरीने मान डोलावत होते. ह्यांना रात्री सगळं सांगितलं. म्हणाले, "तुला झोप नाही पुरेशी." चांगला माणूस हो, पण त्यांना मुलगी बोलणारी हवी होती, कोण बोलतंय ह्याची चौकशी नको होती.

मी आयडाबायला गाठलं. ती वाडीत मुळ्याला पाणी घालत होती. मी म्हटलं, "आयडाबाय, तुम्ही एकदा 'नाय ठावं' म्हणा. डाव संपवा."

तिने मला काय, कसला डाव, असं काही विचारलं नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून कळलं होतं. "का म्हनू?" ती म्हणाली. "तुला तुजी पोर बोलायला हवी होती. बोलते ना? मंग?"

"ती माझी पोर नाही बोलत."

"मना ठावं हाय. माजी भैन बोलते." पाण्याची कळशी तिने खाली ठेवली. "पन्नास वरसं एका घरात काढली आमी. ती गेली तवापासून मी भाताला एकच मूठ तांदूळ घालते, तो बी उरतो. आता दुपारला ती माज्यासमोर बसते. आनि तू मना सांगतेस, हरून दाखव?" मग हळू आवाजात म्हणाली, "डाव संपला का ती जानार. आनि तुजी पोर परत मुकी. तुला चालंल?"

मी तशीच मागे फिरले. कारण मला चालणार नव्हतं.

दोन-चार दिवस मी जयूला टेबलाकडे जाऊ दिलं नाही. काय उपयोग? ती जेवेना. बोटाने जमिनीवर अक्षरं काढत बसायची आणि दर घटकेला विचारायची, "आयडा कुठं हाय? माजी पाळी हाय." डबा विहिरीत टाकावा असंही मनात आलं, पण अर्ध्या डावातच टीचर इथे अडकली होती. डबाच गेला तर डाव जन्मभर अर्धाच राहायचा. तो संपवायचा तर त्यांच्याच नियमाने संपायला हवा होता.

शनिवारी टीचरच्या कबरीवर दगडी क्रूस बसवायचा होता. गवंडी दुपारचा आला आणि आयडाबायला जावं लागलं. जाताना तिने नेहमीसारखा शब्द मांडला, पिन, आणि जयूला म्हणाली, "आलेच गो. बसून ऱ्हा." ती फाटकाबाहेर गेली तशी मी पदराला हात पुसले आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.

जयूने मान वर केली. "तू? तुला येतो?"

"तुम्हीच शिकवलंत की, टीचर."

ती खूश झाली. टीचर लोकांना एवढंच लागतं. "टाचनी," ती म्हणाली आणि अक्षर बदललं. "लिप. सांग."

आता तुम्ही म्हणाल, तिथेच का नाही म्हटलंस 'नाही ठाऊक'? म्हणणार होते. त्याचसाठी बसले होते. पण आवाज जयूचा होता हो. शब्द टीचरचे, पण गळा माझ्या पोरीचा. तो एकदा गेला की परत ऐकायला मिळेल न मिळेल. मी म्हटलं, एकदाच अजून.

"ओठ," मी म्हटलं. अक्षर लावलं. "पिट. सांगा."

"खड्डा. बरा येतो गो तुला! पॉट. सांग."

"मडकं." आणि मी टॅप मांडला.

"नळ," ती म्हणाली आणि हसली, तिच्या पडलेल्या पुढच्या दातांच्या फटीतून जीभ दिसली. "तो चकाल्यात कवा येनार, देवाला ठावं." मी पण हसले. पहा, काय माणूस असतं! तेवढ्या वेळात मी विसरूनच गेले की मी कशासाठी बसले आहे. ऊन पडवीत आलं होतं, मुलगी माझ्याशी गप्पा मारत होती, आणि मला वाटलं, चालू दे असंच. कोण का असेना.

तिने टी काढला, एल ठेवला. "लॅप. सांग."

लॅप म्हणजे मांडी. मला येत होतं. मी उत्तर द्यायला तोंडही उघडलं, आणि त्याच वेळी जयूचा हात टेबलावर असताना तिच्या गळ्यापाशी काहीतरी हललं. आवंढा गिळताना हलतं तसं, पण ती गिळत नव्हती. तिचे डोळे माझ्याकडे हसून बघत होते आणि गळा स्वतःशीच हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. आतून कुणी धडपडत असावं तसा.

फाटक वाजलं. आयडाबाय परत आली होती, हाताला सिमेंट लागलेलं. तिने मला तिच्या खुर्चीवर पाहिलं, टेबलावरचा शब्द पाहिला, आणि सगळं समजून अंगणातूनच ओरडली, "सांग गो! तुला ठावं हाय! पोरी, सांग!"

"सांग," जयू म्हणाली.

आयडाबाय पडवीच्या पायरीपर्यंत आली आणि तिथेच गुडघ्यांवर बसली. रडत होती. "मी तुज्या पाया परते. परत नाय मिलनार गो ती मना. सांग तिला. मांडी म्हन."

मी त्या गळ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही ठाऊक."

जयू डावं मनगट चोळायला लागली. बघत राहिली माझ्याकडे, टीचर बघायची तशी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी नजर हलवली नाही.

"खोटं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "पण मला नाही ठाऊक."

मग तिने मनगट सोडलं. हलक्या हाताने सगळी अक्षरं गोळा केली, डब्यात घातली, झाकण दाबून लावलं आणि डबा आयडाबायच्या बाजूला सरकवला. "उठ गो आयडा," ती म्हणाली. "गुडघे दुखतील तुजे." आणि हातांवर डोकं टेकलं.

आयडाबायने जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. मी टेबलाला वळसा घालून जयूला उचललं. अंग गरम होतं, ताप उतरायच्या वेळी असतं तसं, घामाने भिजलेलं. तिने डोळे उघडले. ते माझ्या चेहऱ्यावर खिळले आणि हळूहळू ओळखीचे होत गेले. मग तिचं तोंड उघडलं, ओठ जुळले, सुटले, गळा हलला. काही आलं नाही. ती पुन्हा तसंच करत राहिली, आणि आवाज येत नाही हे कळल्यावर माझ्या गळ्याला मिठी मारून मुक्यानेच रडायला लागली.

बाहेर ह्यांचा आवाज आला. शनिवार, अर्धा दिवस. बरोबर ऑफिसातले जयवंतराव आणि त्यांच्या पत्नी, हातात पेढ्यांचा पुडा. "या, या. बसा. आज तुम्हाला मजा दाखवतो. जयू! चल बाळ, ओअर म्हणजे काय सांग काकांना. बोल ना. अशी काय करतेस? कुंदा, तिला खाली ठेव, बोलू दे."

मी तिला खाली ठेवलं नाही.

"ती नाही बोलणार," मी म्हटलं. "ही जयू आहे."